फ्रीजवरचा खण

मित्रांनो, टेबल मोडीत गेलं म्हणून त्याचा खणही जातोच असं नाही. मी तसाच मागे उरलेला एक जुना लाकडी खण आहे. माझी पितळी मूठ अजून शाबूत आहे, पण मला ओढून उघडायला आता टेबलच नाही. बुडाला बारीक भोकं आहेत आणि पोटात माती आहे. एका खणाची अशी दशा कशी झाली, ते सांगतो.

मी जन्मलो तो एका घड्याळजींच्या टेबलासाठी. सुताराने मला सागाच्या फळ्यांतून बेतलं आणि इतकं घासलं की बोट फिरवलं तरी कुसळ लागायचं नाही. माझ्यात घड्याळांच्या स्प्रिंगा असायच्या, चक्रं असायची, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे स्क्रू असायचे. घड्याळजी स्वच्छतेच्या बाबतीत भलतेच कडक होते. धुळीचा कण दिसला तर फुंकर मारायचे, आणि आसपास कुणी शिंकलं तर आधी मला बंद करायचे. खरं सांगतो, मला त्याचा फार तोरा होता.

पुढे त्यांचं दुकान बंद झालं. लोक घड्याळं दुरुस्त करेनासे झाले, नवीनच घ्यायला लागले. टेबलाला वाळवी लागली होती, ते भंगारवाल्याने नेलं. मी तेवढा बाहेर होतो, कारण घड्याळजींच्या बायकोने मला आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. आमच्या जिन्यावरचे सगळे शेजारी त्यांना माई म्हणायचे.

"अहो, याच्या बुडाला भोकं पाडून द्या ना," माई म्हणाल्या.

"भोकं? खणाला?" घड्याळजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "आणि भरणार काय त्यात?"

"माती."

ते बराच वेळ कुरकुरले. मग गिरमिट घेऊन बसले आणि पट्टीने मापून, सारख्या अंतरावर, अशी देखणी भोकं पाडली की पाण्यालासुद्धा बाहेर पडताना बरं वाटावं. माझा तोरा मात्र त्या दिवशी उतरला. ज्याने उभ्या आयुष्यात धूळ पाहिली नाही, त्याच्या पोटात माईंनी पिठाच्या जुन्या चाळणीने चाळलेली माती भरली. मी मनातल्या मनात खूप चडफडलो.

पण पहिलं रोप उगवलं आणि माझी कुरकुर संपली. माझ्यात आजवर बरंच काही ठेवलं गेलं होतं, पण ते ठेवल्यापेक्षा मोठं कधी झालं नव्हतं.

माई दरवर्षी थंडी सरायच्या आधीच घरात बी पेरायच्या, म्हणजे ऊब येईपर्यंत रोपं बाहेर लावण्याजोगी होत. टोमॅटो, झेंडू, झिनिया असं काय काय असे. पण त्यांचा जीव होता तो जांभळ्या मिरचीत. तिचं बी त्यांच्या आईकडून आलेलं होतं. दरवर्षी त्यातली सगळ्यात चांगली मिरची झाडावरच पिकू द्यायची, तिचं बी सावलीत वाळवायचं आणि घड्याळाच्या सुट्या भागांच्या एका पत्र्याच्या डबीत जपायचं. वाढलेली रोपं माई जिन्यावरच्या सगळ्यांना वाटायच्या. लोक मिरच्या आवडीने खायचे, पण बी कुणी धरलं नाही. माई आहेत तर दरवर्षी रोप मिळणारच, असं प्रत्येकाला वाटायचं.

मिरचीचं बी मोठं हट्टी असतं. त्याला ऊब लागते, आणि उगवायला ते बरेच दिवस घेतं. म्हणून पेरल्यावर माई मला स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर ठेवायच्या. तो फ्रीज जुना होता, त्याचा माथा नेहमी कोमट असायचा. वरून वर्तमानपत्र झाकायच्या. सकाळी स्टुलावर चढून कागदाचा कोपरा उचलायच्या, नुसतं बघायच्या आणि पुन्हा झाकायच्या. आकड्यासारखे वाकलेले हिरवे कोंब मातीबाहेर आले की मगच मला खिडकीत आणायच्या. तिथे उजेडाकडे रोपं झुकतात, म्हणून रोज मला फिरवून ठेवायच्या. ते पाहून घड्याळजी चिडवायचे.

"काय गं, किल्ली देतेस का त्याला?"

"हो तर. तुमच्या घड्याळांपेक्षा वेळेवर चालतो तो," माई म्हणायच्या.

मग एक वर्ष असं आलं की पेरणी झालीच नाही. माई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी गॅलरीत पालथा पडून होतो. डबीत आदल्या वर्षीचं चिमूटभर बी होतं, तेवढंच. पुढच्या थंडीत, एका दुपारी, माईंनी घड्याळजींना जवळ बोलावलं. मी तेव्हा खिडकीखाली आणून ठेवलेला होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"या वर्षी तेवढी मिरची लावा हो. बी जुनं झालं की उगवत नाही. मग संपलंच ते."

"लावतो गं. त्यात काय एवढं?"

माईंना आणखी काही सांगायचं होतं. त्यांनी हाताने वर कुठेतरी दाखवलं, पण दम लागला. घड्याळजींनी पाणी पाजलं आणि म्हणाले, "राहू दे, नंतर सांग." ते नंतर काही आलं नाही. त्याच आठवड्यात माई गेल्या.

घर गप्प झालं. घड्याळजी दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. सगळी घड्याळं चालू होती, पण त्यांच्याकडे ते बघायचे नाहीत. मग एका सकाळी उठले, मला धुतलं, पुसलं, माती चाळली आणि भरली. चिमट्याने एकेक बी उचलून, घड्याळाच्या तबकडीवर आकडे बसवावेत तसं नीट ओळीत पेरलं. एकही बी ओळ सोडून पडलं नाही. मला वाटलं, जमलं यांना.

आणि त्यांनी मला उचलून खिडकीत ठेवलं.

मित्रांनो, माझं काळीज तिथेच गारठलं. काच गार होती, फटीतून वारा येत होता. पण त्यांचा तरी काय दोष? त्यांनी मला नेहमी खिडकीतच पाहिलं होतं, हिरवा झाल्यावर. त्याआधी मी कुठे असतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

गारठ्यात बी सुस्तावलं. घड्याळजी वाट बघत राहिले. वाट बघणं त्यांच्या धंद्यात नव्हतं. बंद पडलेलं घड्याळ ते उघडून बघायचे, काय अडलंय ते शोधायचे. शेवटी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि माती अलगद बाजूला करून एक बी वर काढलं. बी फुगलं होतं. त्याला पांढरं, सुईच्या टोकाएवढं मूळ फुटलेलं होतं.

"चालू आहे!" ते मोठ्याने म्हणाले. माई गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले. भिंतीवरच्या माईंच्या फोटोकडे वळून पुन्हा म्हणाले, "अगं, चालू आहे!"

मग बी होतं तिथे ठेवून दिलं. पण ते कोवळं मूळ चिमट्यात दुखावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारचं बी उघडून बघितलं. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक. प्रत्येक वेळी ते हसायचे, फोटोला बातमी द्यायचे. त्यांना इतकं आनंदात बघून मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या पोटात एकेक बी मरत होतं आणि ते मलाच कळत होतं.

एकेक करत सगळ्या ओळी उकरून संपल्या. वर काहीच आलं नाही.

त्या सुमारास शेजारच्या सिस्टर डबा घेऊन आल्या. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या, माईंच्या आजारपणात रोज डोकावून जायच्या. मला पाहून त्या थबकल्या.

"काका, मिरची पेरलीत? मग खण इथे गारठ्यात कसा?"

"मग कुठे असतो?"

"फ्रीजवर. उगवेपर्यंत माई तिथेच ठेवायच्या ना. मी स्टूल धरायचे कितीदा तरी." मग त्यांची नजर मातीवरच्या चिमट्यावर गेली. "आणि हे काय?"

"उघडून बघत होतो. चालू होतं सगळं. मी स्वतः बघितलं."

सिस्टर खाली वाकल्या. त्यांनी बोटाने थोडी माती सारली, काळं पडलेलं एक बी तळहातावर घेतलं आणि मान खाली घातली. घड्याळजींना सगळं समजलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजच्या माथ्यावर हात ठेवून उभे राहिले.

"गरम आहे गं," ते माईंशी बोलावं तसे म्हणाले. "इतकी वर्षं हा फ्रीज उघडतोय मी. वर कधी बघितलंच नाही."

आणि मग ते रडले. लहान मुलासारखे, तोंड न झाकता रडले. सिस्टर त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळांनी मागेपुढे ठोके दिले. जांभळी मिरची त्या दिवशी संपली, मित्रांनो. ती आता कुठेच नाही.

सिस्टर गेल्यावर त्यांनी मला उचललं. मला वाटलं, आता माती फेकणार. पण त्यांनी मला फ्रीजवर ठेवलं आणि वर्तमानपत्र झाकलं. उगवण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी ते रोज सकाळी स्टुलावर चढायचे, कोपरा उचलायचे, नुसतं बघायचे आणि पुन्हा झाकायचे.

एका सकाळी मातीत दोन हिरवी पानं होती. सिस्टरना हाक गेली. त्यांनी स्टुलावर चढून पानं निरखली आणि हळूच नकाराची मान हलवली.

"तण आहे, मला कळतं," घड्याळजीच म्हणाले. "पण असू दे. तिच्या मातीतून आलंय, आणि मी उकरलेलं नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी रोज स्टुलावर चढत असेल, काहीतरी झाकत असेल, वाळवत असेल, जपत असेल. त्यांना आजच विचारा, हे काय करतेस, हे कसं करतोस. ते सांगायला लागले तर "नंतर सांग" म्हणू नका. आणि माझ्यासारखा एखादा जुना खण घरात असेल तर तो टाकू नका, त्यात माती भरा.

त्या तणाला घड्याळजींनी खिडकीत आणलंय. रोज सकाळी ते माझी पितळी मूठ धरतात आणि मला उजेडाकडे फिरवून ठेवतात. तेवढं एक त्यांनी माईंना करताना पाहिलं होतं.