सत्तावीस नंबर कुणाचा

मी फळा बोलतोय. पण मला शाळेतल्या फळ्यांच्या पंगतीत बसवू नका. सांता ओलाया गावात नेरेओचं सलून आहे, तिथे आरशाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर मी असतो. माझ्या अंगावर शून्य ते साठ नंबर पांढऱ्या रंगाने पक्के रंगवलेत, आणि प्रत्येकापुढे एक नाव खडूने लिहिलंय. आमच्या साखर कारखान्याच्या बेसबॉल संघात तो नंबर पाठीवर घालून जे जे खेळले, त्यांतला सगळ्यात भारी कोण, ते माझ्यावर वाचायचं. देवाधर्माचं पाद्रीबाबांना विचारा, उसाचं मॅनेजरला विचारा, पण बेसबॉलचं विचारायचं तर माझ्याकडेच यावं लागतं. ही बढाई नव्हे. बरं, थोडी आहे.

जन्माने मी दार. मैदानाच्या कडेला खेळाडूंची कपडे बदलायची खोली होती, तिचं महोगनीचं भक्कम दार. खेळाडू मैदानात निघाले की मला त्यांच्या पाठी दिसायच्या, म्हणजे नंबर. परत आले की छात्या दिसायच्या, म्हणजे माती. मधला खेळ मी एकदाही पाहिला नाही. नुसता गलका ऐकला आणि कोण जिंकलं ते चेहऱ्यांवरून ओळखलं.

मग एका वर्षी वादळाने त्या खोलीचं छप्पर उडवलं, भिंती पाडल्या, आणि मी चिखलात आडवा पडलो. नेरेओने मला उसाच्या गाडीवर घालून आणलं, रंधा मारला, काळा रंग दिला. डाव्या कडेला बिजागरीच्या खुणा अजून आहेत. त्या मी मुद्दाम मिरवतो.

सलूनात दर शनिवारी भांडण चालतं आणि त्याला नियम आहेत. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी खेळ पाहिला, त्यानेच बोलायचं. बाकावरच्या सगळ्यांचं एकमत झालं तरच नाव बदलायचं. आणि खुर्चीत बसलेल्याने अजिबात बोलायचं नाही. ज्याच्या गळ्यावर वस्तरा, त्याला मत नाही. नऊ नंबरवर तीन शनिवार गेले. चौतीस नंबरवरून दोन साडू अजून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बायका बिचाऱ्या सख्ख्या बहिणी.

पण सत्तावीस नंबराला कुणी हात लावत नव्हतं. तिथे फाब्रिसियोचं नाव होतं. दांडगा गडी, त्याने मारलेला चेंडू थेट उसाच्या फडात जायचा. त्याचा खांदा गेला तेव्हा तो नंबर बेनीला मिळाला. बेनी बारीक अंगाचा, बॅट धरली की जेमतेम, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखायचा, येईल तो चेंडू अडवायचा. दोघांचं खेळणं संपून जमाना झाला. फाब्रिसियोला जाऊन सहा वर्षं झाली. बेनी अठ्ठ्याहत्तरचा झाला, आणि येत्या गुरुवारच्या विमानाने तो न्यूयॉर्कला मुलीकडे कायमचा निघाला होता.

बेनीने स्वतःहून कधी विषय काढला नाही. पण खुर्चीत बसला की आरशातून त्याची नजर माझ्या सत्तावीसवर जायची. आरशात अक्षरं उलटी दिसतात, तरी तो बघायचा. इतकी वर्षं मी ते सोसलं. मला ठाऊक होतं त्याची छाती कशी परत यायची ते, पण माझं ऐकणार कोण?

त्या शनिवारी नेरेओने बेनीला खुर्चीत बसवलं, गळ्यापासून नाकापर्यंत फेस फासला, आणि तो गप्प झाल्याची खात्री करून म्हणाला, "आज सत्तावीसचा विषय काढायचा."

बाकावर दोघंच होते. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर कासिआनो, आणि बस चालवणारा मोनचो.

"त्यात काढायचंय काय?" कासिआनो म्हणाला. "बेनीच. हा उभा असला की मुंगीसुद्धा पलीकडे जात नव्हती."

"आणि फाब्रिसियोने फडात घातलेले चेंडू? तोडणीवाल्यांना अजून सापडतात."

"चेंडू फडात गेला की सगळे टाळ्या वाजवतात. अडवला तर कोण वाजवतो?"

"तू वाजवायचास?"

"नाही."

"मग झालं तर." मोनचोने आवाज खाली आणला. "आणि हे बघ, डिग्ना वहिनी दर शनिवारी इथे धुतलेले टॉवेल घेऊन येतात. नवऱ्याचं पुसलेलं नाव त्यांनी बघायचं? तुझी छाती असेल तर तू पूस. मी नाही त्यातला."

खरं कारण हेच होतं. सहा वर्षं ते नाव फाब्रिसियोच्या ह्या विधवेच्या भिडेने टिकलं होतं आणि तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"कशाला छाती लागते रे, मोनचो?"

दारात डिग्ना उभी होती, हातात टॉवेलांची चळत. हीच संघाचे कपडे धुवायची आणि शिवायची, तीस वर्षं. ती आत आली आणि सरळ बाकावर बसली. त्या बाकावर बाई बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. मोनचो अंग चोरून सरकला.

"वहिनी, रागावू नका," तो म्हणाला, "पण ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यानेच बोलायचं असा नियम आहे. तुम्ही तर कधी सामन्याला आला नाहीत."

"कशी येणार? तुमच्या आदल्या सामन्याचे कपडे ओढ्यावर कोण धूत होतं, तुझी आई?"

कासिआनो हसू दाबायला खोकला.

"माझा माणूस भारीच होता," डिग्ना म्हणाली. "त्याने चेंडू मारला की आवाज ओढ्यापर्यंत यायचा. मी हातातला कपडा थांबवायची आणि बायांना सांगायची, हा माझा. पण त्याचा शर्ट एका पाण्यात निघायचा. आणि ह्याचा," तिने खुर्चीकडे बोट केलं, "ह्या मेल्याचा तीन पाण्यांत निघत नव्हता. छातीला लाल माती, कोपराला रक्त. पाठीवर लोळून चेंडू फेकायचा. सत्तावीसमधला सात ह्याने इतक्यांदा फाडला की कापड संपलं. शेवटी माझ्या परकराचा तुकडा लावला. ती सगळी वर्षं हा माझा परकर पाठीवर घेऊन खेळलाय. विचारा त्याला."

"खुर्चीतल्याला बोलता येत नाही," नेरेओ म्हणाला.

मला मात्र तो सात लख्ख आठवला. शेजारच्या दोनपेक्षा जरा पिवळट होता. मला वाटायचं, उन्हाने उडाला असेल. मीही खेळ पाहिला नव्हता आणि तिनेही नाही. पण शर्ट जाताना कसा होता आणि येताना कसा, हे आमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या घटकेला मला तिचा फार अभिमान वाटला.

"वहिनी, पण फाब्रिसियोला काय वाटलं असतं?" मोनचोने विचारलं.

"बेनीचा शर्ट दोरीवर वाळत असला की तो त्याच्यापुढे उभा राहायचा. म्हणायचा, डिग्ना, माझा नंबर चांगल्या पाठीवर पडला. तुमच्यापुढे नाही बोलला. पुरुषांना असलं बोलवत नाही."

मोनचोने टोपी काढून मांडीवर ठेवली. "पुसा मग," तो म्हणाला.

पण उठेना कुणीच. तेव्हा डिग्नाच उठली. एका टॉवेलाचं टोक पाण्यात बुडवून तिने माझ्या अंगावरचं नवऱ्याचं नाव पुसलं. हळू पुसलं.

"बघा," ती म्हणाली, "आजही एकाच पाण्यात निघाला." आणि हसता हसता तिने तोच ओला टॉवेल डोळ्यांना लावला.

कासिआनोने खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. बेनीची हनुवटी थरथरत होती, त्यामुळे नेरेओला वस्तरा लावता येईना. त्याने वस्तरा बाजूला ठेवला, खालची कळ दाबली आणि खुर्ची फिरवून आरशाकडे पाठ केली. खुर्चीत बसून बेनी प्रथमच मला सरळ बघत होता. अर्धा गाल फेसाचा, अर्धा मोकळा. बराच वेळ तो डोळे बारीक करून बघत राहिला. मग त्याने नियम मोडला.

"चष्मा द्या रे कुणीतरी," तो म्हणाला.

बेनी गुरुवारी गेला. मी इथेच आहे. खालचा कोपरा वाळवीने धरलाय, नेरेओचा हात आता कापतो, आणि समोर टीव्हीवालं नवं सलून निघालंय. तरी दर शनिवारी बाक भरतो, आणि त्याच्या एका टोकाला डिग्ना बसते. नियमात तेवढी भर पडलीय. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने बोलायचं, आणि जिने हातांनी धुतलं तिनेही. हल्ली तिने चौतीस नंबराबद्दल काहीबाही बोलायला सुरुवात केलीय, आणि दोन्ही साडू धास्तावलेत.

तुम्हीही या. माझ्यावरची नावं पुसायला खुशाल भांडा, त्यासाठीच तर ती खडूची आहेत. माझं मागणं एवढंच की उद्या मी भिंतीवरून उतरलो, तर मला चुलीत घालू नका. कुठल्यातरी मैदानाच्या कडेला पुन्हा दार म्हणून बसवा. स्वच्छ पाठी बाहेर जाताना आणि मळक्या छात्या परत येताना मला अजून बघायच्यात.