मनगटावरचं मेण

नवरा जाऊन वर्ष उलटलं तरी आमच्या घरातल्या रेडिओवर काळं फडकं होतं. ते बांधलं होतं वन्संनी, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण उबाल्दिना यांनी. दुखवटा दोन वर्षांचा. कपडे काळे, खिडक्या बंद. त्या स्वतः तर माझ्या लग्नाच्या आधीपासून काळ्यातच होत्या. एकाचा दुखवटा संपेतो दुसरं कुणीतरी जायचं.

बाहेर माग्दालेना नदीच्या काठी जत्रेचे ढोल तापले होते. कुम्बिया, म्हणजे आमचा ढोलांवरचा नाच, सुरू झाली की मला बसवत नाही, यात माझा काय दोष? टेबलाखाली पाय आपोआप सरकायला लागले.

"पाय आवर, निकोलासा," वन्सं म्हणाल्या. "सूप सांडतंय."

संध्याकाळी त्यांनीच माझ्या हातात मेणबत्त्यांचा जुडगा दिला. "माझ्या भावाच्या नावाने चर्चमध्ये लाव. आणि सरळ घरी ये."

सरळ! चर्चची वाट जाते चौकातून. तिथे वादक मधोमध, भोवती रिंगण आणि नाचणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात पेटता जुडगा. माझ्या हातातला बघून एका म्हाताऱ्याने हॅट काढली. "या वैनी, तुमचीच वाट बघत होतो!" कुणीतरी माझ्या वाती पेटवल्यासुद्धा.

मग काय! पाय जमिनीवरून न उचलता मी घासत, सरकत निघाले. हॅटवाला फार जवळ आला की ज्योत पुढे करायची, की तो हसत मागे. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली, पण थांबले नाही.

घरी येताच वन्संनी माझा हात दिव्याखाली ओढला. मनगटावर मेणाचे ओघळ वाळले होते.

"चर्चमध्ये मेण ताटलीत गळतं," त्या म्हणाल्या. "उद्या मी जाईन."

दुसरा दिवस जत्रेचा शेवटचा. मेणबत्त्यांचा जुडगा घेऊन निघताना त्यांनी बाहेरून कुलूप घातलं. दाराला पाठ लावून मी ढोल ऐकत राहिले, रडले, त्यांना नाही नाही त्या शिव्या घातल्या. चर्चला जाऊन यायला असा किती वेळ लागतो? पण ढोल थांबले, तेव्हा कुठे कुलूप वाजलं.

वन्सं घामाने निथळत होत्या. अंबाडा सुटलेला. आणि एवढ्या उकाड्यात उजवी बाही पार बोटांपर्यंत ओढलेली.

"चर्चमध्ये फार गर्दी," त्या म्हणाल्या.

"हात दाखवा, वन्सं."

"गप झोप जा."

त्यांनी आतून कुलूप लावलं आणि किल्ली डाव्या हाताने कमरेला खोचली.