बाईंच्या आवाजाची राखण

गल्लीत त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून भिंगं घासण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. स्वभाव जपणुकीचा. घरातल्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि त्या पिशवीला रबरबँड, असला माणूस. बायको चेष्टा करायची, "लग्नात मलाच कसं कव्हर घातलं नाहीत?"

बायको म्हणजे बालवाडीच्या बाई. भिंगवाले बाजाराला निघून कोपऱ्यापर्यंत पोचले तरी खिडकीतून "अहो, पिशवी विसरलात" हे त्यांना स्पष्ट ऐकू यायचं. त्यांनाच कशाला, वाटेतल्या सगळ्या घरांना ऐकू यायचं. वर्गातली मुलं मात्र त्या आवाजाला घाबरत नसत. रागावताना बाईंच्या आवाजाच्या तळाशी हसू असायचं आणि ते मुलांना बरोबर कळायचं.

तो आवाज एका हिवाळ्यात बसला तो सुटेचना. आधी गुळण्या झाल्या, वाफारे झाले, मग डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, तपासायला तुकडा पाठवला आणि दोघांनाही समोर बसवलं. गाठ वाईट होती. स्वरयंत्र काढून टाकलं तर जीव वाचण्याची चांगली आशा होती.

"म्हणजे हळू बोलावं लागेल का?" बाईंनी विचारलं.

"बोलता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढे शिकून, यंत्र लावून काही बोलता येतं. पण हा आवाज राहणार नाही."

घरी येताना रस्ताभर बाईच बोलत होत्या. मोलकरणीला काय सांगायचं, बालवाडी कोणाकडे सोपवायची, मुलीला फोनवर कसं सांगायचं. भिंगवाले नुसते हूं हूं करत होते. मुलगी दुसऱ्या शहरात होती आणि तिला दिवस गेले होते.

वाट दाखवली ती दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्टने. ती म्हणाली, "ऑपरेशनला अवकाश आहे. आवाज घोगरा झालाय, पण तुमचाच आहे. रोज लागणारी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. मी एक छोटा प्रोग्रॅम देते. स्क्रीनवर चौकोन दिसतील, चौकोन दाबला की तुमच्याच आवाजात वाक्य ऐकू येईल."

मग भिंगवाल्यांनी झोपायच्या खोलीच्या भिंतींवर दुलया टांगल्या, पंखा बंद केला, मुलीचा कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटर हॉलमधून आत आणला. घामाघूम होत बाई बोलत राहिल्या. "पाणी द्या." "कोण आलंय?" "मला नकोय, तुम्ही घ्या." "मी रागावलेले नाही, पण रागवायच्या बेतात आहे." यादी संपली तरी त्या थांबेनात. शेजारणीची विचारपूस, मुलीचं लाडाचं नाव, चार तऱ्हांचं "अहो". येणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी सांगितल्या, त्यातले सगळे प्राणी वेगवेगळ्या आवाजात. फक्त हसू काही केल्या जमेना. "सांगून कसं हसायचं?" त्या म्हणाल्या. भिंगवाल्यांनी वेडीवाकडी तोंडं करून पाहिली, उपयोग शून्य. शेवटी वैतागून उठताना त्यांचा पाय वायरीत अडकला आणि ते दुलईसकट खाली बसले. बाई अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. तेही रेकॉर्ड झालं.

ऑपरेशन नीट पार पडलं. गळ्यापाशी श्वासासाठी एक छिद्र राहिलं, त्यावर बाई पातळ रुमाल बांधू लागल्या. कॉम्प्युटर परत हॉलमध्ये आला आणि घरात पुन्हा बाईंचा आवाज झाला. भाजीवाली दारात आली की बाई चौकोन दाबत, "ताजी आहे का?" भाजीवाली पहिल्यांदा दचकली, मग कॉम्प्युटरशीच घासाघीस करायला लागली. मुलीचा फोन आला की भिंगवाले तो स्पीकरजवळ धरत. "जेवलीस का गं?"

बाई फिरायला बाहेर पडल्या की भिंगवाले एकटेच त्या कॉम्प्युटरपुढे बसत आणि चौकोन दाबत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

अशात एक दिवस स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल खूण आली. कॉम्प्युटरमधल्या अँटीव्हायरसची मुदत संपली होती. एरवी त्यांनी ती खूण महिनोन्‌महिने तशीच राहू दिली असती. पण आता त्या डब्यात बाई होत्या. भिंगवाल्यांचा जीव टांगणीला लागला.

आधी मेव्हण्याला विचारलं. मेव्हणा जगातल्या कुठल्याही विषयावर मत देऊ शकायचा. "महागातला घ्या," तो म्हणाला. "फुकटचे अँटीव्हायरस म्हणजे चोरालाच वॉचमन ठेवण्यासारखं." वरच्या मजल्यावरचे अकाउंटंट नेमकं उलट बोलले, "कॉम्प्युटरच्या अंगचंच संरक्षण असतं हो. ते चालू ठेवा आणि भलत्या ठिकाणी बोट लावू नका. बस्स." दुकानदाराने तीन खोकी पुढ्यात मांडली. एकावर ढाल, एकावर कुलूप, एकावर वाघ. कुठल्यात काय जास्त आहे ते त्यालाही सांगता येईना. त्याच्या मते वाघ जास्त खपत होता.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही काही करू नका. मी शनिवारी येतेय ना, आल्यावर बघते. आणि आईच्या रेकॉर्डिंगची एक कॉपी मलाही घेऊन जायचीय."

"कॉपी आहे माझ्याकडे. पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवलीय."

"मग झालं तर. शनिवारपर्यंत हात लावू नका."

पण भिंगवाल्यांना चैन पडेना. जेवताना अँटीव्हायरस, अंघोळीहून आल्यावर अँटीव्हायरस. शेवटी बाई उठून कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि त्यांनी एक चौकोन दाबला. "डोकं खाऊ नका," बाईंचा आवाज म्हणाला. दोघंही हसले. बाईंच्या हसण्याला आता फक्त खांदे हलायचे.

गुरुवारी दुपारी बाई शेजारणीबरोबर तपासणीला गेल्या. भिंगवाले कॉम्प्युटरवर निरनिराळ्या अँटीव्हायरसची तुलना वाचत बसले होते. एका पानावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. अचानक सगळा पडदा लाल झाला आणि स्पीकरमधून भोंगा वाजू लागला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, तुमच्या फायली नष्ट होत आहेत, ताबडतोब संरक्षण घ्या, असं मोठ्या अक्षरांत लिहून आलं. खाली हिरवी ढाल होती आणि आकडे भराभर उतरत होते.

भिंगवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीला फोन लावला, तिने उचलला नाही. ती कामात असणार. आकडे उतरतच होते. त्यांनी ढालीवर क्लिक केलं. जुनं संरक्षण बंद करू का, असं विचारलं गेलं. त्यांनी हो म्हटलं. भोंगा थांबला तसा त्यांना इतका धीर आला की त्यांनी कपाटातून पेन ड्राइव्ह काढला आणि तोही लावला. त्यातही काही शिरलं असेल तर एकदमच साफ होऊन जाईल, असा त्यांचा विचार.

थोड्या वेळाने त्यांनी "अहो"चा चौकोन दाबला. आवाज आला नाही. दुसरा दाबला, तिसरा दाबला. फोल्डर उघडून पाहिलं तर सगळ्या फायलींच्या नावांपुढे कसलीशी गिचमिड चिकटली होती. पेन ड्राइव्हवरच्याही. मग पडद्यावर एक चिठ्ठी आली. फायलींना कुलूप लागलं होतं आणि किल्लीसाठी पैसे मागितले होते.

बाई परत आल्या तेव्हा कॉम्प्युटर बंद होता.

"बिघडलाय," भिंगवाले त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "उद्या दुरुस्तीला नेतो."

बाईंनी मान डोलावली आणि जवळची लिहायची पाटी घेतली. "रिपोर्ट चांगला आहे," त्यांनी लिहिलं. गाठ कुठेही पसरली नव्हती. भिंगवाले "वा वा" म्हणाले आणि तोंड धुवायला मोरीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुरुस्तीवाला पोक्त माणूस होता. त्याने कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह दोन्ही तपासले, कुठे कुठे फोन करून विचारलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, हे उघडणार नाही. पैसे भरले तरी उघडेल असं नाही. लोकांनी भरलेत आणि हात चोळत बसलेत. तिसरी कॉपी नाही का कुठे?"

"नाही."

"काय होतं यात?"

"बायकोचा आवाज," भिंगवाले म्हणाले. दुरुस्तीवाल्याला वाटलं त्या वारल्या. तो हळहळला, आणि त्याची समजूत दुरुस्त करायचं त्राण भिंगवाल्यांच्या अंगात नव्हतं.

घरी आले तेव्हा बाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या. भिंगवाले त्यांच्या मागे स्टुलावर बसले.

"अगं, कॉम्प्युटर बिघडला नव्हता," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. लाल पडदा, ढाल, पेन ड्राइव्ह. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "सगळं गेलं. माझ्या हाताने गेलं. मी जपायला गेलो गं."

बाई वळल्या नाहीत. सुरी थांबली होती. भिंगवाल्यांना वाटलं, त्या विचार करताहेत. मग वाटलं, रागावल्यात आणि ते बरंच झालं. ते बसून राहिले. घरात अगदी शांत होतं, फ्रिज तेवढा घरघरत होता. बऱ्याच वेळाने ते पाणी प्यायला उठले, ओट्यापाशी आले आणि त्यांना बाईंचा चेहरा दिसला. तोंड उघडं होतं, डोळ्यांतून धार लागली होती, गळ्यावरचा रुमाल फडफडत होता. त्या केव्हाच्या हमसून हमसून रडत होत्या. दोन हातांवर बसून नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

आवाज गेलेला माणूस रडतो तेव्हा ऐकू येत नाही, हे त्यांना त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. ऑपरेशननंतर बाई अशा किती वेळा रडल्या असतील आणि आपण शेजारच्या खोलीत पेपर वाचत असू, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी बाईंना धरलं. बाईंनी त्यांना दूर लोटलं, मग स्वतःच त्यांचा सदरा मुठीत पकडला.

शनिवारी मुलगी आली. अवघडलेल्या अंगाने खुर्चीत बसून तिने कॉम्प्युटर पुसून नव्याने लावला, एक साधा अँटीव्हायरस निवडला आणि घातला. अँटीव्हायरसचं काम तर चहा निवायच्या आत झालं. वडिलांना ती एक शब्द बोलली नाही. ते तिच्या मागे उभे होते, ती मॉनिटरकडे बघत म्हणाली, "मी फोन उचलायला हवा होता." ते "नाही गं" म्हणाले.

मुलीने थेरपिस्टला गाठलं. तिच्याकडे फक्त पहिल्या दिवशी दवाखान्यात केलेल्या चाचणीच्या रेकॉर्डिंगचा तुकडा होता. तिने तो लगेच पाठवला. मुलीने लावला. "हॅलो, हॅलो. आता बोलू का? काय बोलू पण? अहो, तुम्ही का असे रडकं तोंड करून बसलात? मी अजून आहे इथे." आणि थेरपिस्टचं हसणं, आणि संपलं.

बाईंनी तो एकदाच ऐकला. मुलगी पुन्हा लावायला गेली तर त्यांनी तिचा हात धरला आणि पाटीवर लिहिलं, "हे पुरे." मग भिंगवाल्यांकडे पाहून आणखी एक ओळ लिहिली. "मी फिरायला गेल्यावर तुम्ही ऐकत बसायचात. मला जिन्यात ऐकू यायचं. मी वर न येता खालीच थांबायचे."

भिंगवाल्यांनी पाटी वाचली. "का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पुसून लिहिलं, "तुम्ही त्या डब्यातल्या तिच्याशी बोलत होतात."

मुलीने मान खाली घातली होती. बाईंनी पाटी स्वच्छ पुसली आणि त्या चहाचे कप उचलायला लागल्या.

पुढे बाई गळ्याला लावायचं यंत्र शिकल्या. कातडीवर टेकवलं की शब्द गुणगुणत बाहेर पडायचे, सगळे एका सुरात, राग नाही की लाड नाही. भाजीवालीला त्याची सवय झाली, शेजाऱ्यांना झाली. भिंगवाले तर आता त्या गुणगुणीला लगेच "ओ" देत. पण कधी दुपारी पडल्या पडल्या बाईंचं जुनं "अहो" आठवायला जात तेव्हा त्यांना ते नीट लागत नसे. शब्द आठवायचा, ओठ आठवायचे, त्यात आवाज भरला जात नसे. चाचणीच्या तुकड्यातलं "अहो" ऐकलं तर ते घाईतलं होतं, रोजचं नव्हतं.

नात झाली तेव्हा दोघं मुलीकडे गेले. बाईंनी यंत्र गळ्याला टेकवून तिला पहिल्यांदा हाक मारली. बाळ दचकलं आणि टाहो फोडून रडू लागलं. "सवय होईल गं आई," मुलगी घाईघाईने म्हणाली. बाईंनी मान हलवली, यंत्र बंद केलं आणि ते नवऱ्याच्या हातात दिलं. मग बाळाला मांडीवर घेऊन त्या नुसते ओठ हलवत तिच्याशी बोलायला लागल्या, भुवया उडवत, गाल फुगवत, पुष्कळ वेळ. बाळ गप्प झालं आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघू लागलं.

भिंगवाले यंत्र हातात धरून दाराशी उभे होते. बाई काय सांगताहेत ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.