वरच्या तळ्याचं पाणी

महानंदा परभणीच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. पाण्यात आणि मातीत शिसं, जस्त, तांबं किती उतरलंय ते मोजायचं, हे तिचं काम. सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या भावाची, महालिंगची, चार वर्षांची मुलगी गौरा गेली. आधी पोट दुखायचं, मग चेहरा पांढराफटक पडला, शेवटी झटके आले. डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले.

मूठमाती देऊन झाल्यावर महानंदा चार दिवस गावीच राहिली. पालमकडच्या डोंगरावर तळ्याच्या काठी महालिंगचं पत्र्याचं शेड होतं. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून तो तिथं शिसं वितळवायचा. विहिरी आटल्या की सगळं गाव त्याच तळ्याचं पाणी प्यायचं. परतायच्या दिवशी ती शेडमागं गेली. बॅटऱ्यांचं पाणी जिथून तळ्याकडं ओघळलं होतं, तिथली माती करपली होती. शिसं अंगात भिनलं तरी असंच पोट दुखतं, असेच झटके येतात, हे महानंदाला ठाऊक होतं. दोन वर्षांत या शेडमध्ये तिनं कितीदा चहा घेतला होता. गौरा राखेत खेळताना पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती परभणीहून बाटल्या घेऊन आली.

"अक्का, ह्या कशाला भरायलीस?" महालिंगनं विचारलं.

"तपासायचंय."

त्यानं सदरा काढून काठावर ठेवला. तळ्यात कमरेएवढा उतरून त्यानंच मधलं पाणी भरून दिलं.

यंत्रावर आकडा आला. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या सहापट शिसं. महानंदानं यंत्र पुसलं, नवं द्रावण केलं, पुन्हा लावलं. तोच आकडा. तिसऱ्यांदाही तोच.

अहवाल घेऊन ती एसटीनं गावी आली. महालिंग आणि त्याची बायको महादेवी ओट्यावर बसले होते. तिनं सगळं सांगितलं.

महालिंग म्हणाला, "मंग माझी गौरा माझ्याच भट्टीनं नेली का?"

"तिचं रक्त कुणी तपासलं न्हाई रे. पाण्याचं तेवढं मला कळलं. तिचं मी सांगू शकत न्हाई."

"पण तुला वाटतंय."

महानंदानं मान खाली घातली. "वाटतंय. अन् मला आधीच सुचायला पाहिजे होतं. माझं तर कामच ते."

"कागदावर माझं नाव घातलंस?"

"घातलं."

"बरं केलंस," तो म्हणाला.

महादेवी उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर ती नणंदेशी कधीच बोलली नाही.

महालिंगनं आठ दिवसांत शेड पाडलं. तळ्याचं पाणी पिऊ नये म्हणून तो घरोघर फिरला. कुणी ऐकलं, कुणी शिव्या दिल्या. बायका कोसभर लांबून पाणी आणू लागल्या. दर उन्हाळ्यात महानंदा बाटल्या भरून नेते. आकडा थोडा उतरतो, पण मर्यादेखाली येत नाही. महालिंग वाटेवर तिची वाट बघतो, विचारतो, "किती?" आणि ती सांगते.