कोबी की फ्लॉवर

"माझ्या काड्या कुठं गेल्या?"

रोपवालीचा आवाज घरामागच्या रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखालून निघाला तो थेट ओसरीवर. तिथं सासरा पाय पसरून ऊन खात बसला होता.

"कसल्या काड्या गं?"

"ट्रेमध्ये खोचलेल्या! हिरव्या टोकाच्या न् पांढऱ्या टोकाच्या. काल दुपारपर्यंत होत्या."

"त्या होय," सासरा निवांत म्हणाला. "त्या लावल्या की मी घेवड्याच्या वेलाला. चांगल्या सरळ होत्या. तिथं नुसत्याच उभ्या, म्हटलं कामाला तरी येतील."

रोपवालीनं कपाळाला हात लावला. हाताची ओली माती कपाळाला लागली.

"मामा, हिरवी काडी म्हणजे कोबी, पांढरी म्हणजे फ्लॉवर. आता कुठला ट्रे कशाचा, ते कसं ओळखू?"

"तूच पेरलंस ना? तुला कळत नाही तर मला काय कळणार?"

कोबीचं आणि फ्लॉवरचं रोप लहानपणी जुळ्या भावंडांसारखं असतं. पान तसंच, देठ तसाच. तरी तिला जागेवरून कळलं असतं. भिंतीकडं कोबी आणि रस्त्याकडं फ्लॉवर, असं तिनं आधीपासून ठरवलेलं. पण आज भिंतीकडं नवऱ्याची मोटरसायकल ऐटीत उभी होती, आणि सगळे ट्रे एका कोपऱ्यात ढकललेले.

"अहो! हे ट्रे कुणी हलवले?"

नवरा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला. "मी. सीट तापते गं उन्हात. आणि तुला मदतच झाली की, सगळे एका जागी आणून दिले."

तिला धड रडता येईना, धड ओरडता येईना. काल पोरगी सायकलवरून पडली, हनुवटी फुटली. तिला कडेवर घेऊन रोपवाली डॉक्टरकडं पळाली. तेवढ्या वेळात एकानं काड्या उपटल्या, दुसऱ्यानं ट्रे कालवले, आणि दोघंही वर मदत केली म्हणून सांगत होते.

तशी ती कामाला वाघीण. उजाडायच्या आत रोपांना पाणी, मग घरच्यांचे डबे, पोरीची वेणी, मग पेरणी. सगळं कसं लावून ठेवलेलं. पण लावलेलं टिकू देईल ते घर कसलं? बी टाकायला बसावं, की हाक. माझा मोजा कुठाय? औषधाची गोळी जेवायच्या आधी का नंतर? शेजारीणसुद्धा कुंपणावरून वाकून दूध तापवायला द्यायची, "तू काय, घरीच असतेस." त्या एका वाक्यानं तिच्या डोक्यात तिडीक जायची. गाडीवर बसून गावाबाहेर गेलं की ते काम, आणि घरामागं कंबर मोडेपर्यंत वाकलं की ते घरीच असणं!

आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर फाटकाशी थांबला. वरून उतरला गुरगुऱ्या. साधं 'बरं आहे का' विचारलं तरी अंगावर आल्यासारखा बोलायचा, म्हणून गावानं ठेवलेलं नाव. त्याला कोबीची रोपं हवी होती.

"भर गाडीत. रान भिजवून ठेवलंय, ऊन चढायच्या आत लावायचंय."

नवऱ्यानं तिला हळूच बाजूला घेतलं. "दे ना उचलून. कोण ओळखतंय? गड्डा धरेपर्यंत कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि धरल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. बियाणंच तसं निघालं म्हणायचं."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं टॉवेल पुन्हा डोक्यावर घेतला. ती गुरगुऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, रोपं मिसळलीत. यात कोबी किती न् फ्लॉवर किती, मला सांगता येत नाही. खात्री नसलेला माल मी देणार नाही."

"म्हणजे?" गुरगुऱ्याच्या मानेची शीर उभी राहिली. "लावणीच्या बायका बांधावर येऊन बसल्यात माझ्या! त्यांना काय आता ढेकळं मोजायला लावू?"

"चूक माझी आहे."

"चूक आहेच! कुणी मिसळली?"

सासरा ओसरीवरून उठून आत गेला. नवऱ्याला मोटरसायकलचा आरसा पुसायची आठवण झाली. गुरगुऱ्यानं दोघांकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"आधी घरातली माणसं आवर," तो म्हणाला, "मग धंदा कर."

ट्रॅक्टर धूळ उडवत शेजारच्या गावच्या रोपवाटिकेकडं गेला. ती धूळ सगळी तिच्या कोवळ्या रोपांवर बसली. तिनं झारी घेतली आणि पानं धुतली. मग ते ट्रे दाराशी मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट वाटले. "काय येईल ते येईल, खा," म्हणाली.

गुरगुऱ्याचं बोलणं मात्र काट्यासारखं रुतून बसलं. दुपारी तिनं अडगळीतली तार काढली, दोन खांब रोवले आणि जाळीभोवती कुंपण घालून त्याला छोटं फाटक केलं, फाटकाला आतून कडी बसवली. जेवताना सगळ्यांना सांगितलं, "सकाळचे डबे झाले की दुपारच्या जेवणापर्यंत मी घरात नाही. परगावी गेले असं समजा. कुणाला लागलं, पडलं, तर हाक मारा. मोजा हरवला तर मारू नका."

"परगावी? या वीस पावलांवर?" नवरा हसला.

सासरा हसला नाही. संध्याकाळी पारावर जाऊन त्यानं गाऱ्हाणं मांडलं, "सुनेनं सासऱ्याला तारेचं कुंपण घातलं!" चार दिवस गावाला चघळायला विषय मिळाला. बाया पाणी भरताना तिच्याकडं बघून खाकरायच्या. घरातही सगळ्यांची तोंडं फुगलेली. एकदा दूध उतू गेलं, एकदा नवरा दोन रंगांचे मोजे घालून कामावर गेला. तीही कुंपणाच्या फाटकापर्यंत जायची, कडीला हात लावायची, आणि परत फिरायची. गुरगुऱ्या काही परत आला नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी ती मिरची पेरत होती. वारा तापला होता, जाळी फडफडत होती. नवरा कुंपणाशी आला.

"अगं, साखर कुठाय?"

तिनं मान वर केली नाही. बोटानं खळगा केला, बी टाकलं, वर काथ्याचा भुसा लोटला.

"ऐकू येतंय का? साखर!"

पुढचा खळगा. पुढचं बी.

तो तारेपासून वळला आणि पाय आपटत आत गेला. मग डबे उघडल्याचे आवाज आले. एक, आणखी एक. कसलं तरी झाकण जमिनीवर गरागरा फिरत थांबलं. सासरा काहीतरी पुटपुटला. बऱ्याच वेळानं चहा उकळल्याचा वास जाळीपर्यंत आला आणि दोन कप ओसरीवर टेकल्याचं ऐकू आलं.

तिला कुणी चहा आणून दिला नाही. पण दुसरी हाकही आली नाही. तिनं भरलेला ट्रे सरकवला आणि रिकामा पुढं ओढला.