गुलाबी झालेली बरणी

मित्रांनो, मी काचेची एक बरणी आहे, जुनी आणि जरा तोंडाळ. लोणच्याची समजू नका हं! उज्जैनला नानाखेड्याच्या पुढे, क्षिप्रेच्या काठाजवळ विजेचं उपकेंद्र आहे. तिथल्या अगडबंब ट्रान्सफॉर्मरचं मी नाक आहे. तो तापला की त्याच्या पोटातलं तेल फुगतं, निवला की आकसतं आणि बाहेरची हवा आत ओढतं. ती हवा माझ्यातूनच जाते. माझ्यातले निळे दाणे तिचा ओलावा शोषतात आणि हळूहळू गुलाबी होतात. ओलावा तेलात शिरला, तर ट्रान्सफॉर्मर बिघडतो आणि निम्मं शहर अंधारात बसतं.

दाणे गुलाबी झाले की इथं कामाला असलेल्या अलकामावशी ते काढून समोरच्या शेडमध्ये नेतात. फक्त या दाण्यांसाठी राखून ठेवलेल्या लोखंडी कढईत, रवा भाजावा तसे भाजतात. दाणे पुन्हा निळेशार! मग त्या माझी काच पुसतात, तेव्हा मला कोण आनंद होतो!

यंदा मात्र वरून एक यादी आली. खर्चात आमचं उपकेंद्र सगळ्यांच्या पुढे. टेकडीवरच्या उपकेंद्राचं कौतुक आणि आम्हाला बोलणी. खर्च उतरला नाही तर माणसं कमी करणार, आणि पहिलं नाव अलकामावशींचं! माझा जीव टांगणीला लागला.

साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर इंजिनिअर श्रुतीताईंनी कंबर कसली. सगळीकडची धूळ धुऊन काढली आणि माझ्यातले गुलाबी दाणे शेडमधल्या कढईत सरकवून नवेकोरे निळे भरले. मी नवरीसारखी नटले. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

साहेब मला न्याहाळून म्हणाले, "हवा तो यहाँ की बढ़िया है. फिर इतना खर्चा किस बात का?"

श्रुतीताई खर्चाची वही चाळू लागल्या. साहेब हात धुवायला शेडकडे वळले आणि कढईपाशी थबकले. "ये क्या, गुलाबी साबूदाना?"

मावशी डगमगल्या नाहीत. "साहब, यही तो हमारा खर्चा है. पंद्रह दिन की हवा में ही दाने गुलाबी, बार-बार भूनने पड़ते हैं. नदी की नमी, ऊपर से सोयाबीन की धूल. टेकरीवालों के दाने चार महीने चलते हैं." मग श्रुतीताईंकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, हे छुपवायचं कशाला? साहेबांना हेच तर दाखवायचं होतं ना!"

साहेब हसत सुटले. "और टेकरीवाले तो फेंककर नए मँगवाते हैं!" त्यांनी स्वतः उलथनं हातात घेतलं आणि दाणे निळे होईपर्यंत परतत बसले. जाताना त्यांनी शेरा लिहिला, की हवा पाहिल्याशिवाय कुठल्याही उपकेंद्राच्या खर्चाला नावं ठेवू नयेत. मावशींची नोकरी राहिली. वर, टेकडीवाल्यांना दाणे भाजायला शिकवायला त्या आता साहेबांच्या जीपमधून जातात!

मित्रांनो, कोणाला खर्चीक म्हणण्याआधी तो कुठल्या हवेत उभा आहे, ते बघा. आणि मी गुलाबी दिसले तर नाक मुरडू नका. सगळा ओलावा मी पोटात घेतला, म्हणून तुमच्या घरी दिवा लागला. माझे दाणे तेवढे वेळेवर भाजा.