मिठागरात उठलेला अंगठा

मित्रांनो, फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वर्गातला, पाढ्यांनी भरलेला फळा येतो. तो माझा धाकटा भाऊ. मी एक जुना सूचनाफळा आहे. पेण तालुक्यात खाडीकाठी वाघेखार नावाचं गाव आहे, तिथल्या शाळेच्या पडवीत मी टांगलेला असतो. भावावर लिहिलेलं तास संपला की पुसलं जातं. माझ्यावर लागलेलं साऱ्या गावाला लागू होतं. एवढा माझा मान! पण एका डिसेंबरात माझ्यावर जे लागलं, ते आठवलं की माझं सागाचं लाकूडसुद्धा अजून शहारतं.

जिल्ह्याचं स्कूल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली, त्या सुमाराला माझा जन्म झाला. जवळच्या जोहे गावच्या हिरामण सुताराने तीन फळ्या जोडून मला घडवलं. टांगण्याआधी त्याने वाटेने जाणाऱ्या एका बाईला बोलावलं आणि म्हणाला, "गो बाय, हितं उभी ऱ्हा. तुझ्या डोळ्यांसमोर येल असा लावतो." तो हसण्यावारी बोलला, पण गावातल्या बाया मला वाचतील असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. दर मे महिन्यात पोरं कोळसा आणि पाला वाटून मला काळा कुळकुळीत करायची. शाळा सकाळची झाली, गुरुजींची बदली झाली, देवीची लस टोचायला माणसं येणार, कमिटीने कौलं बदलायचं ठरवलं, सगळं आधी माझ्या अंगावर यायचं. मिठागरातून परतणारे लोक पडवीत थांबायचे. त्यांत काळुराम होता. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. तो आपल्या पोरीला, सगुणाला, कडेवर उचलून माझ्यापुढे धरायचा.

"काय लिवलंय, वाच गो!"

ती बोट ठेवून वाचायची. चुकली तरी तो मान डोलवायचा. खरं सांगतो, सगुणा वर्गात कमी आणि माझ्यासमोर जास्त शिकली. पुढे ती सातवी पास झाली, तेव्हा काळुरामने मला नारळ फोडला. फळ्याला नारळ! त्या आनंदावर मी कितीतरी वर्षं काढली.

दिवस कोणाचे सारखे राहत नाहीत. मोबाइल आले, गावाचा ग्रुप झाला आणि माझ्याकडे बघणं थांबलं. माझ्या एका खिळ्याला छत्र्या-पिशव्या लटकू लागल्या, दुसऱ्याला खिचडी शिजवणाऱ्या बायजाबाईची चाळणी. मी कुरकुर केली, पण फळ्याची कुरकुर कोण ऐकतो?

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. दिवाळी झाली की अर्धंअधिक गाव मिठागरावर झोपड्या बांधून राहायला जातं. चालत तासाभराची वाट. लहान पोरं आईबापांबरोबर जातात, वर्ग ओस पडतो. शाळेची समिती म्हणजे पालकच, तेही तिकडेच. म्हणून आमचे हैबतराव गुरुजी ठरावाची वही मोटारसायकलवर घालून मिठागरावर न्यायचे. तिथे सगळ्यांचे हात खाऱ्या पाण्याने ओले. सही करायला गेलं तर कागद भिजतो, फाटतो. मग लिहिता येणारेही अंगठ्याला शाई लावून मोकळे व्हायचे. पडवीतल्या गप्पांत हे सगळं माझ्या कानांवर येतं. सगुणा आता समितीची अध्यक्षा होती, तिची मुलगी शकू पहिलीत होती. सगुणासुद्धा अंगठाच द्यायची. मला हसू यायचं. सातवी पास बाई अंगठेबहाद्दर झाली म्हणून मी मनात तिला चिडवायचो. ते हसणं मला चांगलंच भोवलं.

त्या डिसेंबरात एका दुपारी गुरुजींनी माझ्यावर एक टाइप केलेला कागद चिकटवला आणि मागे न बघता गेले. मी तो वाचला. मला पाय नाहीत, तरी पायाखालची जमीन सरकली. त्यात लिहिलं होतं की तपासणीत फक्त सात मुलं हजर आढळली, म्हणून जूनपासून वाघेखारची शाळा बंद करून मुलांना पलीकडच्या गावच्या शाळेत पाठवावं. आणि खाली होतं: 'यास समितीची हरकत नाही. अध्यक्षा सगुणा यांचा अंगठा.'

हरकत नाही? पलीकडच्या शाळेची वाट खाडीच्या बांधावरून जाते. बांध मध्येच फुटून त्याला खांड पडली आहे. उधाणाच्या भरतीला तिथे मोठ्या माणसाच्या कमरेला पाणी लागतं. शकू तर त्या कमरेएवढीच.

चार दिवस तो कागद माझ्या छातीवर होता आणि चार दिवस एकानेही वाचला नाही. माणसं आली, पिशव्या अडकवून गेली. मला ओरडावंसं वाटत होतं. मित्रांनो, बातमी अंगावर आहे आणि तोंड नाही, याच्यासारखी शिक्षा नाही.

पाचव्या दिवशी सगुणा रेशन न्यायला गावात आली. पायात काटा बोचला म्हणून पडवीत टेकली, काटा काढला, मान वर केली. कागद बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होता. लहानपणीसारखं बोट ठेवून ती वाचू लागली. आपल्या नावाशी बोट आलं आणि तिथेच थांबलं. तिच्या तोंडून मोठ्याने "आगो बाय!" निघालं.

बायजाबाई आतून धावत आली. "काय झालं गो सगुणा?"

"माझा अंगठा हाय ह्यो," ती म्हणाली. "मीच शाला बंद केली गो."

तेवढ्यात गुरुजी आले. ती त्यांच्यावर ओरडली नाही, तेच मला जास्त भयंकर वाटलं.

"गुरुजी, तुमी ह्यो कागद वाचलावता?"

"वाचला होता."

"मग बोललाव का नाय?"

गुरुजींनी मान खाली घातली. "वरून लिहून आला होता, सगुणाताई. कौलांच्या ठरावाबरोबर तोही पुढे केला. बोलायची छाती झाली नाही."

ज्या हाताने इतकी वर्षं माझ्यावर मोत्यांसारखी अक्षरं काढली, त्या हाताने हे केलं!

सगुणाने तो कागद माझ्या अंगावरून सोलून काढला. मग म्हणाली, "तुमी बोलला नाय, मी वाचला नाय. दोघांची चूक. उद्या व्होटीला समदे हितं येतील. पोरांसकट."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली आणि सारं मिठागर पडवीत उतरलं. सगुणाने पिशव्या काढल्या, चाळणी काढली आणि खडू घेऊन माझ्यावर नवा ठराव लिहिला. 'आमची मुलं मिठागरावर असतात, म्हणून वर्गात दिसत नाहीत. ती सव्वीस आहेत, तिथे येऊन मोजा. शाळा बंद करायला आमची हरकत आहे.' तिने तो तीनदा मोठ्याने वाचला. मग खाली पूर्ण नाव लिहून सही केली. त्याखाली कोणी न सांगता हैबतराव गुरुजींनी सही केली, आणि ठराव जसाच्या तसा वहीत उतरवून ते स्वतः पेणला घेऊन गेले.

पेणहून शिक्षणखात्याचे साहेब मिठागरावर आले, डोकी मोजून गेले. जूनमध्ये पत्र आलं: यंदा शाळा सुरू राहील. यंदा! पुढच्या वर्षाचं त्यात अक्षर नाही. म्हणून मी निर्धास्त नाही, आणि तुम्हीही राहू नका.

मित्रांनो, मला रंग लावू नका, नारळ फोडू नका. फक्त वाचत जा. आणि मोठ्यांनी कागद पुढे केला तरी वाचल्याशिवाय नाव देऊ नका.

गुरुजी अजूनही वही घेऊन मिठागरावर जातात. सगुणा आता मिठाच्या वाफ्यातून बाहेर येते, पदराला हात पुसते आणि उन्हात धरून ठेवते. ते वाळेपर्यंत शकू ठराव मोठ्याने वाचते, आणि गुरुजी पेन धरून उभे राहतात.